नगावर की महिन्यावर

साठी उलटलेल्या बायकांना बसचा प्रवास फुकट झाला, त्या आठवड्यातली गोष्ट. माझी आत्या बसमध्ये चढली, कंडक्टरसमोर नोट धरली आणि म्हणाली, "मंडई एक."

"आजी, तुम्हाला तिकीट नाही."

"का? मी बसची कोणी लागते?"

"सरकारनं माफ केलंय तुम्हाला."

"मी काही गुन्हा केला नव्हता. एक द्या."

कंडक्टर बिचारा चांगला होता. हातातलं यंत्र दाखवून म्हणाला की यात तुमच्या वयाला पैशाचं तिकीट निघतच नाही. मागचे लोक कुरकुरायला लागले. आत्या पुढच्या थांब्यावर उतरली आणि उरलेला रस्ता उन्हातून चालत गेली. घरी आल्यावर चपला काढता काढता आतोबांना म्हणाली, "तुमच्या सरकारपायी माझे पाय दुखले."

आतोबा म्हणजे तिचे यजमान. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "अगं, ते फुकट नाही. तू आयुष्यभर कर भरलास, त्यातलंच आहे."

"मग माझंच मला देताना उपकार केल्यासारखं 'आजी' कशाला म्हणायचं?"

यावर आतोबांना हसू आलं आणि तेवढ्यापुरतं भांडण मिटलं. मी त्यांच्या घरी दर रविवारी जायचे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण, तिला मूलबाळ नाही, त्यामुळे मी तिच्या हक्काची. आणि दर रविवारी हे दोघे असेच एकमेकांशी भांडत असायचे. पण त्या भांडणात सासर-माहेर, मीठ-मसाला असलं काही नसायचं. माणूस कशासाठी काम करतो, आजारी पडला तर त्याचं कुणी करायचं, फुकट दिलेलं अंगी लागतं का, यावर ती दोघं तावातावानं बोलायची आणि मध्येच एकजण उठून दुसऱ्याला चहा करून द्यायचं.

दोघांचंही म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. आत्या तरुणपणी एका सरकारी शिवणकेंद्रात होती. तिथं सगळ्या बायकांना सारखं मानधन. आत्याचा हात चपळ, ती दिवसभर मान वर न करता शिवायची. शेजारची मशीनला टेकून गावगप्पा मारायची. महिनाअखेरीस दोघींच्या हातावर तेवढंच पडायचं. "मला पैशाचं नाही वाटलं," आत्या सांगायची, "पण एक दिवस माझाच हात आपोआप हळू झाला. मला माझी भीती वाटली." तिनं केंद्र सोडलं, एक जुनी मशीन घेतली आणि दप्तरं शिवायला लागली.

आतोबांचं उलटं. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडात पू झाला होता. सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात ते कितीतरी महिने पडून होते. त्यांची आई धुणीभांडी करायची. "पण त्या सगळ्या दिवसांत," ते म्हणायचे, "कुणी एकदाही माझ्या आईला विचारलं नाही की बाई, तुझ्याकडे काय आहे?" पुढे त्याच हॉस्पिटलात ते लिफ्टमन झाले, युनियनचे सेक्रेटरी झाले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. दोघांची भेटसुद्धा युनियनमुळेच झाली. अधिवेशनासाठी कापडी पिशव्या हव्या होत्या, म्हणून आतोबा आत्याकडे गेले आणि म्हणाले, कामगारांचं काम आहे, भाव जरा कमी करा. आत्या म्हणाली, "मीही कामगारच आहे, तुम्ही भाव जरा जास्त द्या." आतोबांनी तो दिला. युनियनमध्ये त्याचा खुलासा करताना त्यांना घाम फुटला म्हणे. वर्षभरात लग्न झालं.

आत्याचा कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. खिडक्यांना लागून शिलाईच्या मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल, भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले. पाच बायका शिवायला आणि कापायला एक मास्तर. पैसे नगावर, म्हणजे जितकी दप्तरं तितके पैसे. त्यात एक होती, तिला सगळे सुसाट म्हणायचे. ती चेन लावायला घ्यायची तेव्हा मशीनचा आवाज तुटायचाच नाही. आणि खिडकीच्या टोकाला बसायची ती हळूबाई. तिला हळूबाई हे नाव कुणी आणि कधी ठेवलं कोण जाणे, पण तिनं ते बिनतक्रार घेतलं होतं. हळूबाईचं दप्तर दुकानातून कधी परत आलं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण परत न येण्याचे वेगळे पैसे नव्हते.

निवृत्त झाल्यावर आतोबा खाली स्टूल टाकून बसायला लागले. आत्याला भांडायला तेवढंच निमित्त.

"माणसाला महिन्याचा नक्की पगार पाहिजे," आतोबा म्हणायचे. "उद्याची काळजी डोक्यावर असली की हाताला नीट काम सुचत नाही."

"तुमची लिफ्ट कशावर चालायची? विजेवर. माणसाची वीज म्हणजे कमाई."

"माणूस म्हणजे मोटार नाही."

"म्हणूनच तर. मोटार बटण दाबलं की चालते. माणसाला कारण लागतं."

बायका माना खाली घालून हसायच्या. शिवणं मात्र थांबायचं नाही. थांबून परवडलं नसतं.

मग आत्या पडली. वरच्या फळीवरून अस्तराचा गठ्ठा काढायला ती स्वतःच स्टुलावर चढली. मास्तर "मी देतो, मी देतो" म्हणेपर्यंत खाली आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. आतोबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "आपल्या हॉस्पिटलात नेऊ." आत्या वेदनेनं पांढरी पडली होती, तरी म्हणाली, "तिथं ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत हाड आपलं आपणच जुळेल. तेही वाकडं."

आतोबा हॉस्पिटलात गेले. ज्या हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी लिफ्टमधून शिकाऊ असल्यापासून वरखाली नेलं होतं, त्यांनाच भेटले. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. जागा व्हायला दिवस लागतील, आणि या वयात तितकं थांबणं बरं नाही. आतोबा परत आले. त्यांनी स्वतःच प्रायव्हेट हॉस्पिटलला फोन लावला.

ऑपरेशन तिथं दुसऱ्याच दिवशी झालं आणि नीट झालं. आत्या म्हणाली, "एवढी वर्षं पैसे मिळवले ते कशाला?" आतोबा तिथल्या गुबगुबीत कोचावर, परक्या लग्नात चुकून शिरल्यासारखे बसून होते. काउंटरवरची मुलगी त्यांना सारखं 'सर' म्हणायची आणि ते दर वेळी मागे वळून बघायचे. मला हळूच म्हणाले, "चांगले आहेत गं सगळे. पण शेजारच्या खाटेवर कोण आहे तेच कळत नाही. प्रत्येकाला वेगळी खोली."

आत्या घरी आली ती थेट अंथरुणावर. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, वर्षाचं निम्मं काम याच काळातलं. तिनं आतोबांना जवळ बोलावलं आणि कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या.

"चालवा. माझ्या पद्धतीनं नको, तुमच्या पद्धतीनं. इतकी वर्षं कानानं ऐकतेय, एकदा डोळ्यांना दिसू दे."

"थट्टा करतेस?"

"पडल्यापासून थट्टा सुचत नाही मला."

मग आतोबांनी ते केलं. सगळ्यांना सारखा महिन्याचा पगार, आजारपणाची रजा भरपगारी, चहाची सुट्टी सगळ्यांनी एकत्र घ्यायची. पहिल्या दिवशी बायकांना खरंच वाटेना. हळूबाईनं दोनदा विचारलं, "म्हणजे कमी झाली तरी तेवढेच?" आतोबा म्हणाले, "तेवढेच." त्या दिवशी ते वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की आत्यानंही टोमणा मारायचा राहू दिला.

पण आत्या कारखान्याच्या डोक्यावरच झोपलेली. फरशीतून खालचा आवाज तिला ऐकू यायचा आणि त्या आवाजावरून कोण काय करतंय ते तिला कळायचं. आठवडाभरानं मला म्हणाली, "सुसाट थांबतेय."

"थांबतेय म्हणजे?"

"एक चेन लावली की थांबते. पूर्वी थांबत नव्हती."

खाली जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. सुसाट काम करत होती, पण मध्येमध्ये खिडकीबाहेर बघत होती. इतर बायका मात्र खुशीत होत्या आणि दप्तरांचे टाके सुधारले होते, हेही खरं. फक्त ठरलेला माल ठरल्या दिवशी जात नव्हता. एका दुकानदारानं फोनवर आतोबांना बरंच ऐकवलं. आतोबांना माणसांचे शिव्याशाप नवीन नव्हते, लिफ्ट बंद पडली की लोक बोलायचेच. पण इथं लिफ्ट दुरुस्त करणारा दुसरा कुणी नव्हता.

एका सोमवारी सुसाट आलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ती पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात लागली. आतोबा तिच्या घरी गेले. मीही बरोबर होते. तिनं आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं आणि ओशाळून उभी राहिली.

"पगार कमी पडला का गं?" आतोबांनी विचारलं. "मला सांगायचं होतंस. सगळ्यांचाच थोडा वाढवला असता."

"काका, तेच तर," ती म्हणाली. "सगळ्यांचाच. तुम्ही चांगलेच वागलात, मी नाव ठेवत नाही. पण माझ्या हातात एक गोष्ट आहे. मी शिकलेली नाही, माझं घर असलं. हा हात तेवढा आहे माझा. तो आणि बाकीच्यांचे हात तुम्ही एका मापात धरलेत. मला तिथं बसवेना."

आतोबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. घरी येऊन त्यांनी आत्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपली बाजू सावरली नाही. मला वाटलं, आता आत्या जिंकल्याचा गुलाल उधळणार. ती नुसती म्हणाली, "जेवून घ्या. सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या."

इकडे आत्याचा पाय अडला होता. प्रायव्हेट हॉस्पिटलचा एक मुलगा घरी येऊन व्यायाम दाखवून जायचा. तो गेला की आत्या वॉकर भिंतीला लावून ठेवायची. पडण्याची धास्ती तिच्या मनात बसली होती, पण हे ती कबूल करणं शक्य नव्हतं. शेवटी आतोबा म्हणाले, "आमच्या हॉस्पिटलात व्यायामाचं मोठं दालन आहे. एकदा ये. पैसे भरायचे असले तर भर."

ती गेली. खिडकीवर पैसे भरायला गेली तर फी इतकी किरकोळ की तिला ती अपमानास्पद वाटली. दालनाच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. मधोमध दोन समांतर लोखंडी दांड्या, त्यांना धरून चालायचं. सगळी माणसं एकाच खोलीत: कुणाचा हात वळत नव्हता, कुणाची मान. तिथली व्यायामाची बाई आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची. ती कोपऱ्यातून ओरडायची, "दादा, पाय ओढायचा नाही, उचलायचा. घरी फरशी पुसायला दुसरं कुणी आहे ना?" आत्या दांड्यांमध्ये उभी राहिली आणि समोरून एक म्हातारे गृहस्थ चालत येताना तिनं पाहिले. त्यांचंही तिच्यासारखंच ऑपरेशन, आणि तिच्याही नंतर झालेलं. ते चालत होते. आत्यानं ओठ आवळले आणि पाऊल टाकलं.

आतोबा नंतर म्हणायचे की सगळ्या माणसांमध्ये एकत्र राहिल्यानं तिला धीर आला. आत्या म्हणायची, "धीर कसला, ईर्षा आली." यावर त्यांचं एकमत कधी झालं नाही.

तिथंच, व्यायाम संपवून बाहेरच्या बाकावर दम खात बसलेली असताना, तिला समोरच्या रांगेत हळूबाई दिसली. हातात केसपेपर.

"तू इथं कशी गं?"

हळूबाई गडबडली. मग शेजारी येऊन बसली. लघवीचा त्रास, ती म्हणाली. जुनाच आहे. परत परत होतो. डॉक्टर म्हणतात पाणी प्या आणि धरून ठेवू नका.

"मग पीत का नाहीस?"

"आता पिते की. काकांनी पगार केल्यापासून पिते." तिनं केसपेपरची घडी केली. "आधी कसं, ताई, पाणी प्यायलं की उठावं लागायचं. उठलं की एक पट्टा राहायचा. माझा हात आधीच हळू. म्हणून सकाळी आले की घरी जाईपर्यंत पीतच नव्हते."

आत्या तिच्याकडे वळली. "इतकी वर्षं? मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुम्ही म्हणाला असतात, ऊठ की, तुला कुणी अडवलंय?" हळूबाईच्या बोलण्यात राग नव्हता. "आणि खरंच कुणी अडवलं नव्हतं."

परतताना रिक्षात आत्यानं हळूबाईचं सगळं आतोबांना सांगितलं. घर जवळ आल्यावर तिनं आतोबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," आतोबा म्हणाले. "मी समोर स्टुलावर बसून होतो, तरी नाही. मी पगाराबद्दल बोलत होतो. तिच्याशी नाही बोललो."

दोन दिवस आत्या विचार करत होती, म्हणजे भांडत नव्हती. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन, एकेक पायरी उतरत ती खाली कारखान्यात आली. सगळ्या उभ्या राहिल्या. तिनं बसायला सांगितलं आणि म्हणाली की काकांचं एक बरोबर आहे आणि माझं एक. प्रत्येकीला दरमहा एक रक्कम नक्की, घर चालेल एवढी. आजारी पडलं तर ती कापायची नाही. त्याच्यावर जितकी दप्तरं होतील त्याचे नगावर वेगळे. आणि जिच्या हातून गेलेलं दप्तर परत आलं नाही, तिला त्याचेही. मग तिनं हळूबाईला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तयार माल आधी तिच्या हाताखालून जाईल आणि मगच दुकानात.

सुसाटला तिनं स्वतः फोन केला. "तुझा हात तुझाच धरीन," एवढंच म्हणाली. सुसाट आठवड्यानं आली, पण अट घालून. नव्या दप्तराचा पहिला नमुना तिनं बनवायचा. आत्या मनातून खूश झाली. अट घालणारी माणसं तिला आवडायची.

आतोबांनी जाहीर केलं की हा समाजवाद आहे. आत्या म्हणाली, "ही दुरुस्ती आहे. तुमच्या समाजवादानं माझी सर्वात चांगली बाई पळवली होती."

"आणि तुझ्या बाजारानं दुसरीचं पाणी तोडलं होतं."

"म्हणून तर दुरुस्ती म्हटलं."

सगळं सुरळीत झालं असं नाही. नफा आटला. आणि कापणारे मास्तर, जे आयुष्यात कधी आजारी पडले नव्हते, ते भरपगारी रजा सुरू झाल्यापासून दर सोमवारी आजारी पडायला लागले. आतोबा त्यांची बाजू घ्यायचे, पण नजर चुकवून. एका सोमवारी आत्या आतोबांनाच बरोबर घेऊन, फळांची पिशवी हातात धरून मास्तरांच्या समाचाराला गेली. मास्तर शेजाऱ्याच्या दाराला रंग लावत होते. आत्यानं तब्येतीची चौकशी केली, फळं दिली, रंग छान बसलाय म्हणाली आणि निघाली. वाटेत आतोबा म्हणाले, "तू त्याला बोलायला हवं होतंस." आत्या म्हणाली, "भरपगारी रजा तुमची. बोलायचं काम तुमचं होतं." पुढच्या सोमवारी मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन कात्री परजत बसले होते.

आता कारखाना सुसाट चालवते. आत्यानं तो तिला रीतसर किंमत ठरवून, हप्त्यानं विकला. आतोबांचं म्हणणं होतं सगळ्यांच्या नावावर करून टाक. आत्या म्हणाली की फुकट मिळालेल्याची मोडतोड होते. यावर ती दोघं अख्खा पावसाळा बोलत होती. सुसाटनं नक्की रक्कम तशीच ठेवली आहे, नगाचे दर जरा हलवलेत. ती मालकीण झाल्यापासून आत्यापेक्षा कडक आहे, असं हळूबाई सांगते.

आतोबांना आता रक्तदाबाची गोळी आहे. दुकानात ती मिळते, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण ते महिन्यातून एकदा आपल्या हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर रांगेत उभे राहून ती आणतात. आत्याला हे मुळीच पटत नाही. तीच गोळी, तेच नाव, आणि अर्धा दिवस जातो. तरी ती बरोबर जाते. पायाला चालणं हवं, असं कारण सांगते.

गेल्या महिन्यात मीही गेले होते. रांग लांब होती. आतोबा पुढच्या माणसाशी त्याच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोलत होते, मागचीला कुठला डॉक्टर चांगला ते सांगत होते. आत्या बाकावर काठी टेकून बसली होती आणि खिडकीतल्या माणसाच्या हाताकडे बघत होती.

"एकेका गोळीसाठी दर वेळी उठून मागं जातो," ती मला म्हणाली. "रोज लागणाऱ्या चार गोळ्या हाताशी ठेवल्या तर रांग निम्मी होईल."

"मग सांग त्याला."

"त्याला काय फरक पडतो? रांग लांब असो की आखूड, पगार तेवढाच."

आतोबांनी ते ऐकलं. ते वळून म्हणाले, "सांगून तर बघ. सगळेच काही पैशासाठी ऐकत नाहीत."

आत्या काठी टेकत खिडकीपाशी गेली. ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो माणूस आधी वैतागला, मग जरा हसला, मग आत जाऊन गोळ्यांचे दोन डबे घेऊन आला आणि टेबलावर ठेवले. आत्या परत येऊन बसली.

"ऐकलं ना?" आतोबा म्हणाले.

"ऐकलं. पण मी सांगितलं म्हणून ऐकलं. त्याचं त्याला सुचायला हवं होतं."

"सुचेल की. माणूस शिकतो."

"नगावर असता तर पहिल्याच दिवशी शिकला असता," आत्या म्हणाली, आणि आतोबांचा नंबर जवळ आला म्हणून त्यांच्या खिशातला केसपेपर काढून, घडी मोडून, त्यांच्या हातात दिला.